विजेचे बिल आणि पत्र्याचे छप्पर

महाराष्ट्रात दर वर्षी दोन गोष्टी जवळजवळ एकाच वेळी येतात. फाल्गुन सरू लागतो आणि ऊन तापू लागते. त्याच सुमारास राज्याचा आणि महापालिकांचा अर्थसंकल्प लोकप्रतिनिधींपुढे असतो. ह्या दोन गोष्टींचा परस्परांशी काही संबंध आहे, असे आपल्या राज्यकर्त्यांना फारसे वाटत नसावे. अर्थसंकल्पावरील भाषणांत रस्ते असतात, पूल असतात, भुयारी रेल्वे असते. परंतु एप्रिल आणि मे हे दोन महिने पत्र्याखाली कसेबसे कंठणाऱ्या कुटुंबाच्या डोक्यावरचे छप्पर त्यांत क्वचितच असते. ते असावे, आणि त्यासाठी सार्वजनिक तिजोरीतून रीतसर, वर्षानुवर्षे चालणारी तरतूद असावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. ही मागणी पहिल्या पानावर मांडण्याचे कारण एवढेच, की हा प्रश्न उन्हाळ्यात सर्वांना जाणवतो आणि पहिल्या पावसाबरोबर सर्वांच्या विस्मरणात वाहून जातो.

प्रश्नाची व्याप्ती प्रथम लक्षात घेतली पाहिजे. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख भरली. तीपैकी सुमारे ५२ लाख माणसे, म्हणजे दर शंभरांत ४२, झोपडपट्टीत राहत होती. ह्या घरांपैकी पुष्कळांच्या भिंती विटांच्या झाल्या आहेत, खाली फरशी आली आहे, विजेचे मीटर बसले आहे. पण डोक्यावर बहुधा पत्राच आहे, मग तो लोखंडी असो वा सिमेंटचा. गंजलेला, काळवंडलेला पत्रा उन्हाचा बराचसा भाग शोषून घेतो आणि तीच उष्णता खाली बसलेल्यांच्या अंगावर सोडतो. त्याच खोलीत स्वयंपाक होतो, शिवणयंत्र चालते, मुले परीक्षेचा अभ्यास करतात, आजारी माणूस पडून असतो. वर पोटमाळा असला तर तो पुष्कळदा भाडेकऱ्याला दिलेला असतो. म्हणजे पत्र्याच्या सर्वांत जवळ राहणारा माणूस हाच त्या घरातला सर्वांत दुबळा माणूस असतो. मुंबई महापालिकेने मार्च २०२२ मध्ये जो हवामान कृती आराखडा प्रसिद्ध केला, त्यातही दाटीच्या आणि पत्र्याच्या छपरांच्या वस्त्या भोवतालच्या भागांहून अधिक तापतात, हे मान्य केलेले आहे. रोगाचे निदान झाले आहे. औषधाची पुरेशी तरतूद व्हावयाची आहे.

झोपडी पाडून तेथे इमारत उभी राहिली की हा प्रश्न आपोआप सुटतो, अशी एक सोयीस्कर समजूत आहे. तिला मुंबईतच उत्तर मिळते. मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड ह्या पुनर्वसन वसाहतींचा 'डॉक्टर्स फॉर यू' ह्या संस्थेने केलेला अभ्यास २०१८ मध्ये पुढे आला. इमारती एकमेकींना इतक्या खेटून उभ्या आहेत की खालच्या मजल्यांवर ना पुरेसे ऊन पोहोचते ना वारा, आणि ह्या कोंदटपणाचा क्षयरोगाच्या फैलावाशी संबंध आहे, असे त्या अभ्यासात दिसून आले. अशा घरात भर दुपारी दिवा लावावा लागतो आणि पंखा अष्टौप्रहर फिरता ठेवावा लागतो. शिवाय काँक्रीटचा स्लॅब पत्र्यासारखा चटकन तापत नसला, तरी दिवसभर साठवलेली उष्णता तो रात्री उशिरापर्यंत सोडीत राहतो. पत्र्याखालची दुपार असह्य, तर वरच्या मजल्यावरील स्लॅबखालची रात्र असह्य, एवढाच काय तो फरक. घर बदलले, पत्ता बदलला. उकाडा तोच राहिला आणि विजेचे बिल वाढले.

ह्या घरांत उकाड्याशी झगडण्याचे साधन एकच, ते म्हणजे छताचा पंखा. त्याचा हिशेब कोणताही शाळकरी मुलगा मांडू शकेल इतका सोपा आहे. नेहमीचा पंखा सुमारे ७५ वॉट वीज घेतो. दिवसाचे १६ तास तो फिरला तर रोज १.२ युनिट आणि महिन्याला ३६ युनिट वीज लागते. बीएलडीसी मोटरचा नवा पंखा तेवढाच वारा सुमारे ३० वॉटमध्ये देतो. त्याचा महिन्याचा खर्च १४ ते १५ युनिट. म्हणजे एका पंख्यामागे दरमहा सुमारे २१ युनिट आणि दोन पंख्यांमागे ४० हून अधिक युनिट वाचतात. महाराष्ट्रात घरगुती विजेचा दर १०० युनिटांची पायरी ओलांडताच चढतो, हे ध्यानात घेतले म्हणजे ह्या ४० युनिटांचे मोल कळेल. परंतु नवा पंखा दुकानात जुन्या धर्तीच्या पंख्याच्या जवळजवळ दुप्पट किमतीला मिळतो. ज्याच्या हाती रोजची मजुरी येते तो महिन्याच्या बचतीसाठी आज दुप्पट पैसे कोठून मोजणार? तो जुनाच पंखा पुन्हा वाइंडिंग करून घेतो, आणि स्वस्तातली वस्तू त्याला वर्षानुवर्षे महाग पडत राहते. शिवाय पंखा हा काही थंडावा निर्माण करणारे यंत्र नव्हे. हवेचे तापमान ४० अंशांवर गेले म्हणजे पंख्याने अंग निवण्याऐवजी तापते, असे जागतिक आरोग्य संघटनेने बजावले आहे. तेव्हा पंखा आवश्यक खरा, पण छप्पर त्याहूनही आवश्यक.

आता सार्वजनिक पैसा आज कोठे जातो ते पाहू. दिल्लीत ऑगस्ट २०१९ पासून २०० युनिटांपर्यंतची घरगुती वीज मोफत झाली. कर्नाटकाने २०२३ मध्ये आणि तेलंगणाने २०२४ मध्ये त्याच वाटेने पाऊल टाकले. गरिबाच्या बिलाचा भार हलका व्हावा ह्याला आमचा विरोध असण्याचे कारण नाही. परंतु बिल माफ झाल्याने खोली एका अंशानेही थंड होत नाही. तोच तापलेला पत्रा, तोच जुना पंखा, तीच निद्राहीन रात्र. फरक इतकाच, की वाया जाणाऱ्या विजेची किंमत आता घरमालकाऐवजी सरकार भरते, आणि पुढच्या वर्षी पुन्हा भरते. फुटक्या घागरीत पाणी ओतीत राहण्यापेक्षा घागर सांधावी, हे व्यवहारज्ञान आपल्या घरांतील बायकांना सांगावे लागत नाही. ते सरकारांना सांगावे लागते.

दुसऱ्या बाजूला प्रधानमंत्री सूर्यघर योजना आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ह्या योजनेसाठी ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद झाली. १ कोटी घरांच्या छतांवर सौर पॅनेल बसावीत हे तिचे उद्दिष्ट आहे, आणि ३ किलोवॉट वा त्याहून मोठ्या संचासाठी घरामागे ७८,००० रुपयांपर्यंत केंद्राचे साहाय्य मिळते. योजना चांगली आहे. परंतु तिचा लाभ घेण्यासाठी स्वतःचे, पॅनेलचा भार पेलणारे छत लागते. पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्याने, पोटमाळ्यावरच्या भाडेकऱ्याने, सात मजली पुनर्वसन इमारतीतील दुसऱ्या मजल्यावरच्या कुटुंबाने ते आणावे कोठून? पक्क्या छताच्या धन्याला ७८,००० रुपये आणि तापल्या पत्र्याखालच्या माणसाला काही नाही, असा हा हिशेब होतो. योजना आखणाऱ्यांचा हेतू असा खचितच नसेल. पण साहाय्याची रचनाच अशी आहे, की ज्याच्यापाशी आधीच काही आहे त्याच्याकडे ते ओघळत जाते.

कायद्यांचीही गत हीच. निवासी इमारतींनी उष्णता किती आत येऊ द्यावी ह्याचे नियम सांगणारी 'इको निवास संहिता' २०१८ च्या डिसेंबरात आली. ती ५०० चौरस मीटर वा त्याहून मोठ्या भूखंडांवरील इमारतींसाठी आहे. तेलंगणाने एप्रिल २०२३ मध्ये शीतल छतांचे धोरण जाहीर केले आणि पाच वर्षांत ३०० चौरस किलोमीटर छते उष्णता परतवणारी करण्याचा संकल्प सोडला. त्या धोरणाचे आम्ही मनापासून स्वागत करतो. सरकारने गरिबांसाठी बांधलेली घरेही त्यात येतात, ही विशेष चांगली गोष्ट आहे. पण खासगी घरांच्या बाबतीत सक्ती ६०० चौरस यार्डांपासून सुरू होते. त्याखालच्यांना ते ऐच्छिक आहे. गरिबावर सक्ती नसावी हे रास्तच. मात्र सक्ती नाही आणि पैसाही नाही, अशा ठिकाणी 'ऐच्छिक' ह्या शब्दाचा अर्थ 'होणार नाही' असाच होतो.

ह्या उपेक्षेचे मूळ, आमच्या मते, हिशेबाच्या एका पद्धतीत आहे. ऊर्जाबचतीच्या कोणत्याही प्रस्तावाला अधिकारी पहिला प्रश्न विचारतात तो असा, की घातलेला पैसा वाचलेल्या युनिटांच्या रूपाने किती वर्षांत परत येईल? कारखान्यासाठी हा प्रश्न योग्य आहे. वातानुकूलित कार्यालयासाठीही योग्य आहे. परंतु ज्या घरात महिन्याला जेमतेम ८० युनिट वीज जळते, तेथे वाचून वाचून वाचणार किती? छप्पर पांढरे केल्याने त्या घराचे बिल फारसे उतरत नाही, कारण वातानुकूलन यंत्र बंद करण्यासाठी ते मुळात तेथे असावे लागते. तेथे उतरते ते खोलीचे तापमान. वाचते ती म्हातारीची प्रकृती, तान्ह्या मुलाची झोप, घरबसल्या शिवणकाम करणाऱ्या बाईचा कामाचा दिवस. ह्यांपैकी कोणतीही गोष्ट मीटरवर उमटत नाही. म्हणून जो सर्वांत कमी वीज वापरतो त्याच्या घरावरील खर्च कागदावर नेहमीच 'न परवडणारा' ठरतो, आणि जो सर्वांत अधिक उधळतो त्याला बचतीसाठी साहाय्य देणे किफायतशीर ठरते. ही पद्धत अंकगणितात बिनचूक आणि न्यायाच्या दृष्टीने सर्वस्वी चुकीची आहे. गरिबाच्या घरावरील खर्च आरोग्यखात्याच्या तराजूत तोलला पाहिजे. लस टोचल्याने किती युनिट वाचले, असे कोणी विचारीत नाही.

हा तराजू काल्पनिक नाही. मे २०१० मध्ये अहमदाबादेत जी उष्णतेची लाट आली, त्या एका महिन्यात नेहमीच्या प्रमाणाहून १,३४४ मृत्यू अधिक झाल्याचे पुढे संशोधकांनी दाखवून दिले. त्या धक्क्यातून २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेविषयीचा कृती आराखडा तयार केला. दक्षिण आशियातील तो पहिला. २०१७ मध्ये तेथे सुमारे ३,००० छतांना प्रायोगिक स्वरूपात चुन्याचा वा पांढऱ्या रंगाचा हात देण्यात आला. पांढरे छत उन्हाचा मोठा भाग आल्या वाटेने परत पाठवते आणि खालच्या खोलीचे तापमान साधारणतः २ ते ४ अंशांनी उतरते. ह्यात कोणतेही गूढ शास्त्र नाही. राजस्थानात आणि सौराष्ट्रात गच्चीला चुना फासण्याची चाल जुनीच आहे. अडचण शास्त्राची नसून सातत्याची आहे. धूळ बसली की पांढरेपणा जातो, पावसाळ्यात चुना धुपतो, आणि दोन-तीन वर्षांत काम पुन्हा करावे लागते. म्हणूनच एका उन्हाळ्यात छायाचित्रांसह पार पडणारी मोहीम येथे उपयोगाची नाही. नालेसफाईप्रमाणे दर वर्षी अंदाजपत्रकात येणारी बाब हवी.

सरकारने मनावर घेतले तर काय घडू शकते ह्याचेही उदाहरण आपल्यासमोर आहे. जानेवारी २०१५ मध्ये उजाला योजना सुरू झाली. सरकारी कंपनीने एलईडी दिवे घाऊक प्रमाणात खरेदी करून देशभर वाटले. ही संख्या ३६ कोटींच्या पुढे गेली. २०१४ च्या आरंभी एका दिव्याच्या खरेदीला ३१० रुपये पडत होते, ते २०१६ मध्ये ३८ रुपयांवर आले. हा लाभ केवळ योजनेतील घरांना झाला असे नाही. बाजारातील प्रत्येक दिवा स्वस्त झाला आणि झोपडीपासून बंगल्यापर्यंत साऱ्यांना तो मिळाला. तोच मार्ग पंख्यांना का लागू पडू नये? छताच्या पंख्यांना तारांकनाची सक्ती जानेवारी २०२३ पासून आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरात केंद्रीय कंपनीने १ कोटी कार्यक्षम पंख्यांची योजनाही जाहीर केली. एका पंख्यामागे ४५ वॉट धरले तर १ कोटी पंखे एकदम फिरताना ४५० मेगावॉट मागणी कमी होते. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रातील मोठा संच ५०० मेगावॉटचा आहे. म्हणजे जवळजवळ एक अख्खा संच, त्याचा कोळसा आणि त्याची राख, एवढे सारे वाचते. आणि तेही चंद्रपुरासारख्या शहराच्या वाट्याचे, जे स्वतः देशातील अत्यंत तप्त शहरांपैकी एक आहे. मात्र दिव्याची आणि पंख्याची गोष्ट सर्वस्वी एक नाही. ३८ रुपयांचा दिवा गरिबाला परवडला. पंखा घाऊक खरेदीनेही इतका स्वस्त होणार नाही. तेथे गरीब घरांसाठी सरकारला किमतीचा मोठा वाटा उचलावाच लागेल.

इतर देशांचा अनुभवही पाहणे हितावह आहे, कारण त्यांनी ह्या कामात यशही पाहिले आहे आणि ठेचाही खाल्ल्या आहेत. १९७३ च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेने १९७६ मध्ये गरीब घरांच्या फटी बुजवणे, भिंती-छतांना उष्णतारोधक आवरण देणे अशी कामे सरकारी खर्चाने करण्याचा कायदा केला. १९८१ मध्ये बिल भरण्यासाठी साहाय्य देणारी वेगळी योजना आली. म्हणजे बिलाला मदत आणि घराला मदत ही दोन कामे आहेत, हा विवेक त्या देशाने केला. वृद्ध, अपंग आणि लहान मुलांची कुटुंबे ह्यांना प्राधान्य मिळाले. भाड्याच्या घरात काम करताना त्या कामाचे निमित्त करून मालकाने भाडे वाढवू नये, अशी अटही घालण्यात आली. मात्र मिशिगन राज्यातील ह्या कामांचा काटेकोर अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात प्रत्यक्ष ऊर्जाबचत अभियंत्यांच्या अंदाजाहून फारच कमी भरली आणि खर्च बचतीच्या सुमारे दुप्पट निघाला. ह्या निष्कर्षाकडे डोळेझाक करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. आम्ही त्यातून घेतो तो बोध असा, की कागदावरच्या अंदाजावर विसंबून राहू नये, काम झाल्यावर मोजमाप करावे, आणि ज्या लाभासाठी खर्च करावयाचा तो लाभ आधीच स्पष्ट सांगावा.

इंग्लंडमध्ये २००० ते २०१३ ह्या काळात 'वॉर्म फ्रंट' योजनेने सुमारे २३ लाख गरीब घरांना उबेची साधने आणि आवरणे पुरवली. पुढे हे काम वीज-गॅस कंपन्यांकडे सोपवले गेले आणि पैसा ग्राहकांच्या बिलांतून उभा राहू लागला. ऑक्टोबर २०२५ मध्ये तेथील राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने जो अहवाल दिला तो कोणाही राज्यकर्त्याची झोप उडवील. अलीकडच्या दोन योजनांत बाहेरील भिंतींना आवरण बसवलेल्या घरांपैकी ९८ टक्के घरांत दुरुस्ती करावी लागेल असे मोठे दोष होते. ठेकेदारावर पोटठेकेदार आणि देखरेख नाममात्र, असा प्रकार झाला. गरिबाच्या घरात ऊब येण्याऐवजी ओल आली. ऑस्ट्रेलियातील कथा तर शोकान्त आहे. २००९ मध्ये तेथे घाईघाईने छतांना आवरण बसवण्याची योजना निघाली. चार तरुण कामगार मृत्युमुखी पडले, त्यांपैकी तिघे विजेच्या धक्क्याने. फेब्रुवारी २०१० मध्ये योजना गुंडाळावी लागली आणि २०१४ मध्ये चौकशी आयोगाने तिच्यातील ढिसाळपणावर बोट ठेवले. आपल्या वस्त्यांत पत्र्यावरून, पत्र्याखालून आणि पत्र्याला टेकून लोंबणाऱ्या तारा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ह्या उदाहरणाचे महत्त्व समजावून सांगण्याची गरज नाही. येथे रंगाच्या डब्याआधी तारकाम आणि अर्थिंग आले पाहिजे.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा, की ज्या झोपड्याच अनधिकृत आहेत त्यांच्या छपरांवर करदात्यांचा पैसा का खर्च करावा? ह्याचे उत्तर शासनाच्या स्वतःच्या वर्तनात आहे. झोपडपट्टी सुधारणेचा कायदा महाराष्ट्राने १९७१ मध्येच केला. त्यानुसार वस्त्यांत पाणी, शौचालये आणि पायवाटा ह्यांवर सार्वजनिक पैसा अर्धशतकाहून अधिक काळ खर्च होत आला आहे. त्याच झोपडीत विजेचे मीटर आहे, त्याच पत्त्यावर शिधापत्रिका आहे, त्याच पत्त्यावर मतदारयादीत नाव आहे. बिल वसूल करताना घर दिसते, मत मागताना घर दिसते. मदत देण्याची वेळ आली की तेवढे ते दिसेनासे होते, हा दृष्टिदोष सोयीचा आहे, प्रामाणिक नाही. पुनर्वसन होईल तेव्हा होईल. ते व्हायला दहा वर्षे लागली तर मधले दहा उन्हाळे कोणी आणि कसे काढावयाचे?

दुसरा आक्षेप फुकटेपणाचा. आमच्या वाचकांपैकी अनेकांना तो मनापासून पटतो हे आम्ही जाणतो, कारण वेळेवर कर भरणाऱ्या माणसाला मोफत वाटपाचा उबग येणे स्वाभाविक आहे. परंतु नीट विचार केला तर ही योजना त्या वाटपाच्या उलट टोकाला आहे. माफ केलेले बिल दर महिन्याला नव्याने माफ करावे लागते आणि निवडणूक जवळ आली की माफीची मर्यादा वाढते. दुरुस्त केलेले घर दुरुस्त राहते. पांढऱ्या हाताचा खर्च दोन-तीन वर्षांनी येतो तो मूळ कामाच्या मानाने किरकोळ. शिवाय संध्याकाळी शहराची वीजमागणी शिखरावर जाते तेव्हा जी महागडी वीज खरेदी करावी लागते तिची किंमत सर्वच ग्राहकांच्या दरांत उतरते. लाखो जुने पंखे बदलल्याने ते शिखर थोडे जरी खाली आले, तरी त्याचा लाभ कर भरणाऱ्याच्या बिलालाही होतो.

पैसा आणावा कोठून, हा तिसरा प्रश्न. महाराष्ट्रात घरगुती वीज बिलावर १६ टक्के वीज शुल्क आकारले जाते. ते राज्याच्या तिजोरीत जमा होते आणि तेथून वाट फुटेल तिकडे जाते. त्याचा एक निश्चित हिस्सा कायद्याने गरीब घरांच्या सुधारणेसाठी राखून ठेवावा, अशी आमची मागणी आहे. अधिक वीज वापरणारा अधिक शुल्क देतो. तेव्हा वातानुकूलित घराकडून आलेल्या पैशाचा एक अंश पत्र्याच्या घराकडे जाणे ह्याहून न्याय्य योजना आम्हाला सुचत नाही. त्याशिवाय मागणी-व्यवस्थापनाच्या कामांसाठी वीज नियामक आयोगाची नियमावली हाताशी आहेच; पंखे बदलण्याचे काम वितरण कंपन्यांकडून त्याखाली करवून घेता येईल.

योजना कशी असावी ह्याबद्दलही आम्ही काही निश्चित सूचना करतो. मालकीचा कागद मागू नये. वीजबिल किंवा शिधापत्रिका पुरेशी मानावी, आणि भाडेकऱ्यालाही अर्ज करता यावा. काम झाल्यावर ठरावीक काळ भाडे वाढवणार नाही, असे मालकाकडून लिहून घ्यावे. प्रत्येक घरात प्रथम तारकाम तपासून सुरक्षित करावे, मग छप्पर, मग पंखा. छपराखाली पेट घेणारे थर्माकोल कोणत्याही कारणाने लावू देऊ नये. दाट वस्तीत एक ठिणगी पुरते. काम शक्यतो वस्तीतल्याच स्त्री-पुरुषांना शिकवून त्यांच्याकडून करवून घ्यावे. अहमदाबादेत महिला हाउसिंग सेवा ट्रस्टने वस्तीतील स्त्रियांना बरोबर घेऊन हे काम करता येते हे दाखवून दिले आहे. ठेकेदाराच्या देयकाचा काही भाग एक पावसाळा उलटल्यावरच द्यावा. काही खोल्यांत कामाआधी आणि कामानंतर तापमान मोजावे आणि ते आकडे, चांगले असोत वा वाईट, दर वर्षी प्रभागवार जाहीर करावेत. आणि पुनर्वसनाच्या ज्या इमारती आज कागदावर आहेत, त्यांच्यातील अंतर, खिडक्या आणि वरचा स्लॅब ह्यांविषयीचे नियम आत्ताच कडक करावेत. नाही तर एका हाताने पत्रे थंड करीत असता दुसऱ्या हाताने आपण नव्या भट्ट्या उभारीत राहू.

मार्च २०१९ मध्ये केंद्र सरकारने भारताचा शीतन कृती आराखडा प्रसिद्ध केला. सर्वांना सुसह्य तापमानाचे घर मिळावे, दुर्बल घटकांनाही मिळावे, हे ध्येय त्यात स्पष्ट शब्दांत लिहिलेले आहे. शब्द उत्तम आहेत. मात्र ज्या ध्येयापुढे अंदाजपत्रकातील रक्कम लिहिलेली नसते ते ध्येय सुभाषितासारखे असते. भिंतीवर शोभते, छपरावर उपयोगी पडत नाही.

शेवटी एक गोष्ट आमच्या वाचकांना सांगितली पाहिजे. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी गेल्या काही वर्षांत वातानुकूलन यंत्र आले आहे. त्याबद्दल कोणी अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही. उन्हाळे खरोखरच कडक होत चालले आहेत. परंतु आपली खोली थंड करणारे ते यंत्र आतली उष्णता बाहेर गल्लीत टाकते, आणि गल्लीच्या त्या टोकाला पत्र्याची खोली असते. सकाळी आपल्या घरी भांडी घासायला येणारी बाई, रात्री आपल्या दारावर पहारा देणारा माणूस, दुपारच्या उन्हात आपले सामान घेऊन जिना चढणारा मुलगा, ह्यांची झोप ज्या छपराखाली व्हावयाची त्या छपराचा हा प्रश्न आहे. त्यांच्यासाठी दया दाखवावी असे आमचे म्हणणे नाही. ते ह्या शहराचे नागरिक आहेत, विजेचे ग्राहक आहेत आणि त्या बिलावर शुल्कही भरतात. त्यांच्या नावाचा एक वेगळा आकडा अर्थसंकल्पात दिसला पाहिजे. आपल्या प्रभागाचा नगरसेवक आणि आपल्या मतदारसंघाचा आमदार मत मागायला दारी येईल तेव्हा तो आकडा किती आहे, एवढाच प्रश्न प्रत्येक वाचकाने त्याला विचारावा.